वाघ नसलेली गोष्ट

"ताई, एकदा येऊन जा," आईच्या इमारतीत तळमजल्यावर दुकान असलेले टेलरकाका फोनवर म्हणाले, तेव्हा ती खांद्यानं कानाशी फोन दाबून लेकीची नखं कापत होती. "आई हल्ली जिन्यात बसलेल्या दिसतात."

"दम खात असेल, काका. बाजाराची पिशवी केवढी जड असते तिची."

"पिशवी रिकामी होती."

"मग गप्पांना कुणी मिळतंय का बघत असेल," ती हसली आणि करंगळीचं राहिलेलं नख कापलं.

आईला विचारलं, तर आई उखडलीच. "मेल्याला शिवणाकडे लक्ष नको, येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळा! मला काय धाड भरलीय?"

विषय तिथंच मिटला.

तशी काळजी करण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. लेक ठमी शिंकली की थर्मामीटर निघे. द्राक्षं उभी चिरल्याशिवाय ठमीच्या ताटलीत पडत नसत. आजीच्या गोष्टीचंही तेच झालं. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारा वाघ, 'आधी लेकीकडे खाऊनपिऊन जाडजूड होऊन येते, मग खा' अशी त्याला दिलेली थाप, आणि येताना भोपळ्यात बसून गडगडत घरी. आजी ही गोष्ट रोज संध्याकाळी फोनवर सांगे, आणि ठमी झोपेत दचकून उठे.

"आई, तेवढा वाघ काढून टाक ना."

"वाघ काढला, तर म्हातारी भोपळ्यात कशाला बसेल? हवा खायला?"

"काहीतरी कर गं. तुझीच गोष्ट आहे."

"माझी कुठली! माझ्या आजीच्या गोष्टीत लांडगे होते. तिच्या लेकीच्या गावाला जाताना खरंच लांडगे लागायचे. माझ्या आईनं कुत्री घातली. कारखान्यातून सुटून यायची ना ती, गल्लीतली कुत्री मागं लागायची. वाघ तेवढा तुझा. तू हट्टच धरला होतास. नाहीतर जी सांगते, ती आपल्या वाटेवरचं जनावर आत घालते."

"बरं, आता कुठलंच जनावर नको."

आई हल्ली लगेच ऐकायची.

दुसऱ्या दिवसापासून गोष्टीत जिना आला. स्वयंपाकघरात तिला स्पीकरवरून ऐकू येई. "जिना म्हणाला, 'म्हातारे म्हातारे, तुला खाऊ?' म्हातारी म्हणाली, 'थांब रे बाबा, नातीला गोष्ट सांगायची राहिलीय.'" ठमी खिदळायची. दचकणं बंद झालं. ऑफिसात डबा खाताना तिनं मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा, आमच्या आईचं डोकं बघा.

रोज जिन्याला काहीतरी नवं फुटायचं. तो डोळे मिटून घ्यायचा, की म्हातारीला पायरी दिसेनाशी व्हायची. कठड्याच्या पट्ट्या हे त्याचे दात.

"माझ्यासारखा त्याचा पण दात पडलाय?" ठमीनं विचारलं.

"दोन पडलेत. पण तुझे येतील, ठमाबाई. त्याचे कोण बसवणार?"

आत ती द्राक्षं चिरत होती. तिला हसू आलं.

"मग म्हातारी उतरते कशी?"

"खाली बसते. बसल्याबसल्याच एकेक पायरी सरकते. बसलेल्या म्हातारीला जिना खात नाही."

सुरी द्राक्षात अर्धी जाऊन थांबली. पिशवी रिकामी होती, काका म्हणाले होते.

तिनं हात पदराला पुसले, ते कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग बाहेर येऊन ठमीला मांडीवर घेतलं आणि फोनजवळ वाकली.

"आई."

"अगंबाई, तू पण ऐकतेयस?"

"भोपळा कुठाय गं या गोष्टीत?"

 फोनमध्ये पलीकडे खालून कुठूनतरी शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"भोपळा अजून मिळाला नाही बाई."

"मी उद्या येते."

"कशाला उगीच? पोरीची शाळा बुडेल. गोष्टच तर आहे."

"हो, गोष्टच आहे. तरी येते."

"मग येताना एक बल्ब आण," आई हळूच म्हणाली. "टेलरकाकांचा हात पोचत नाही. आणि ऐक, त्यांना लागेल असं काही बोलू नकोस. चांगला माणूस आहे."

ठमीनं फोन ओढून घेतला. "आजी, मग वाघ परत येऊ दे. मी नाही घाबरत."

आता जिन्यात दिवा आहे, कठड्याला दोन नव्या लाकडी पट्ट्या आहेत आणि गोष्टीत वाघ आहे. ठमीच्या आईचं तुम्हालाही एकच सांगणं आहे. लांब राहणारं कुणी फोनवर तुमच्या घराला हसवत असेल, तर आज गोष्ट संपल्यावर लगेच फोन ठेवू नका. जिन्यात दिवा आहे का, विचारा. 'आहे' म्हणाले, तरी एकदा जाऊन बघून या.