आठ दिवसांच्या बोलीवर आलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. आज माझ्या अंगावरचं रबर सुटलं आहे, बटणांवरची चिन्हं पुसली आहेत. पण एके काळी मी इतका नवा होतो, की मला हात लावण्याआधी आमचे फोटोग्राफर साबणाने हात धुवायचे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि खोक्यातला अंधार, एवढंच. डोळा उघडला तो थेट एका अरुंद फोटो स्टुडिओत. विकणाऱ्याने मला आठ दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. आवडला तर ठेवा, नाहीतर परत करा.

फोटोग्राफरांना मी पाहताक्षणीच आवडलो. त्यांच्या बायकोला मात्र नाही. सगळे त्यांना वहिनी म्हणत. पासपोर्टचे फोटो कापणं, गिऱ्हाइकाची कॉलर नीट करणं आणि नवऱ्याची हौस आवरणं, ही तिन्ही कामं त्यांच्याकडे होती. त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. डावीकडे ‘गुण’, उजवीकडे ‘दोष’.

“आठव्या दिवशी जी बाजू लांब, ती खरी,” त्यांनी बजावलं.

पहिल्या दिवशी फोटोग्राफरांनी डावीकडे लिहिलं, ‘फोटो लगेच दिसतो.’ जास्त जागा भरावी म्हणून अक्षर चांगलं टपोरं काढलं.

दुसऱ्या दिवशी एक शिंपी आला. फोटो लगेच पाहून म्हणाला, “हे नाक माझं नाही.” चौदा वेळा फोटो काढला. नाक काही बदललं नाही. तो गेल्यावर वहिनींनी उजवीकडे लिहिलं, ‘फोटो लगेच दिसतो.’

तिसऱ्या दिवशी एका निवृत्त बाईंनी स्वतःच्या सुरकुत्या पाहून विचारलं, “एवढं स्पष्ट दाखवायला कुणी सांगितलं होतं याला?” चौथ्या दिवशी एका तान्ह्या बाळाला हसवण्यासाठी फोटोग्राफरांनी अर्धा तास खुळखुळा वाजवला. ते हसलं आणि त्याच क्षणी माझी बॅटरी संपली. बाळाचे वडील मला नाही नाही ते बोलले.

माझा सर्वांत मोठा दोष मात्र वेगळाच होता. बटण दाबल्यावर मला क्षणभर विचार करावा लागायचा. लोक हसत, हसून दमत, डोळे मिटत, मग मी फोटो काढायचो. वहिनींनी हा दोष लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आता माझी परत खोक्यात रवानगी होणार, हे मला कळून चुकलं.

सातव्या दिवशी एक म्हातारी आई आपल्या दोन मुलांना घेऊन आली. दोघांची मिळून एकच बेकरी होती, पण तीन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. पीठ संपलं तरी निरोप आईमार्फत जायचा. आई म्हणाली, “मी आहे तोवर एक फोटो काढून घ्या. मग खुशाल तोंडं फुगवून बसा.”

ती मधल्या स्टुलावर बसली.

“आई, त्याला सांग, खांदा मागे घे,” थोरला म्हणाला.

“आई, त्याला सांग, मागे भिंत आहे,” धाकटा म्हणाला.

“हसा!” फोटोग्राफरांनी बटण दाबलं आणि सवयीने म्हणाले, “झालं!”

झालं नव्हतं. माझा विचार चालू होता. आई सुटल्यासारखी उठायला गेली, स्टूल कलंडलं, तिला सावरायला दोघे एकदमच वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर खाडकन आपटली. तेव्हा कुठे मी फोटो काढला.

फोटोग्राफरांचा चेहरा उतरला. “पुन्हा काढतो.”

“आधी दाखवा बघू,” आई म्हणाली.

माझा पडदा काडेपेटीएवढा. तिघांना डोकी जोडूनच पाहावं लागलं. फोटोत दोघांची वाकलेली डोकी होती आणि मध्ये आई दोघांच्या गळ्यात हात टाकून खदखदून हसत होती.

“अरे, तुला टक्कल पडलंय!” धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

“आणि तुझं काय जंगल आहे?” थोरला म्हणाला.

तीन वर्षांत पहिल्यांदाच आईची मध्यस्थी लागली नव्हती. कुणाचं टक्कल मोठं, यावर भांडत दोघे रस्त्यापर्यंत गेले. आई मागे थांबली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “हाच द्या. मोठा करून द्या.”

वहिनींनी पेन घेतलं आणि दोन रेघांवरचा दोष खोडला. गुणांत काही लिहिलं नाही. इतक्या काही त्या उदार नव्हत्या. दोषांची बाजू अजूनही लांबच होती.

“असू दे,” त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या. “माणसंसुद्धा आपण अशीच ठेवून घेतो.”

अकरा वर्षं मी राबलो. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि मी खणात गेलो. एक दिवस स्टुडिओच बंद करायचं ठरलं. भिंतीवरचे फोटो उतरवताना वहिनी थबकल्या. हजारो चेहऱ्यांत त्यांच्या नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. त्यांनी मला चार्ज केलं.

“अहो, उभे राहा तिथे.”

“हात कुठे ठेवू?” फोटोग्राफरांनी घाबरून विचारलं.

“जन्मभर लोकांना सांगितलंत ना? तिथेच ठेवा.”

ते खांबासारखे ताठ उभे राहिले. वहिनींनी पुढे होऊन त्यांची कॉलर नीट केली आणि हात क्षणभर तिथेच राहू दिला. मग मागे येऊन बटण दाबलं. फोटो जरा हलला. पण तो पुसून टाकायला त्यांनी साफ नकार दिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांचे फोटो काढणारं एखादं माणूस असेल. बहुतेक ते कुठल्याच फोटोत नसेल. एकदा त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या आणि त्याला समोर उभं करा. आणि हो, काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. मऊ फडकं घ्या.