तीन रिंगा आणि कट

मी एक मोबाईल बोलतोय. बोलतोय असं नुसतं म्हणायचं. खरं तर ज्या घरात मी राहिलो तिथं पहिली दोन वर्षं माझ्यातून कुणी बोललंच नाही. मी वाजायचो, थरथरायचो आणि गप्प व्हायचो. एवढ्याच कामासाठी मला ठेवलं होतं, आणि ते काम मी इमानानं केलं.

जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यातला, तो काही आठवत नाही. आठवतं ते कोल्हापुरातलं शाहूपुरीचं दुकान. काचेच्या कपाटात आम्ही ओळीनं बसलेलो. २००३ साली नुकतंच इनकमिंग फुकट झालं होतं, आणि कालपर्यंत आमच्याकडं ढुंकूनही न बघणारी माणसं काचेला नाक लावून उभी राहू लागली होती. फुकट म्हटलं की माणसाला भलताच हुरूप येतो.

मला घेतलं महांतेशनं. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरचा हा मुलगा कापडाचं शिक्षण पुरं करून पुढं शिकायला ऑस्ट्रेलियाला, मेलबर्नला निघाला होता. जाण्याआधी घरच्यांसाठी त्यानं मला घेतलं आणि एस.टी.तून छातीशी धरून गावाकडं नेलं. मला वाटलं, आता काय, सुखदुःखाच्या गप्पा माझ्यातूनच व्हायच्या.

घरात तिघं. वडील बसलिंगाप्पा, आई मल्लव्वा आणि धाकटी बहीण शिवलीला. बसलिंगाप्पांचा सगळा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळं कान कामातून गेले होते. समोरच्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडावं तेव्हा कुठं त्यांना अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं ते आपल्या मनानं भरून घ्यायचे.

महांतेशनं त्या संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितला.

"अव्वा, दर रविवारी सकाळी मी रिंग देणार. रिंग आली म्हंजे मी बरा हाय. तीन रिंगा वाजू द्यायच्या आन लाल बटण दाबून कट करायचं. कट झालं की मला कळंल, तुम्ही बी बरी हाईसा."

"आन उचलला तर?" मल्लव्वानं विचारलं.

"उचलायचा न्हाई! उचलला की तिकडं माझं पैसं जात्यात. बोलायचं आसंल तवा कोपऱ्यावरच्या हंबीररावांच्या दुकानातल्या फोनवर करीन की. त्येचा आवाज बी मोठा हाय, अप्पांना ऐकू यील."

बसलिंगाप्पांना सगळ्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. "मला काय सांगशीला का न्हाई?" ते तडकले. तेव्हा महांतेशनं मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवरून रिंग दिली. मी थरथरलो. म्हातारा दचकला, मग त्यानं मूठ घट्ट आवळली.

"आला की रं! हातात आला!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीपाजारी बघायला आले.

तेव्हापासून रविवारी सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळाला विभूती लावून बसलिंगाप्पा मला हातात घेऊन बसत. मल्लव्वा चहा घेऊन शेजारी. मी थरथरलो की ते आधी हसत, मग मान हलवून बायकोला खूण करत. तिसऱ्या रिंगेला मल्लव्वा लाल बटण दाबायची. संपलं. एवढ्यावर त्या दोघांचा आठवडा जायचा. मोबाईलवर तासन्‌तास बोलून एकमेकांना काहीच न सांगणारी माणसं मी दुकानात पाहिली होती, म्हणून मला या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

एका रविवारी रिंग आलीच नाही. मल्लव्वा जेवली नाही. शिवलीलानं माझं बटण दाबून दाबून रेंज पाहिली, ती पुरी होती. दुसऱ्या दिवशी महांतेशचा मेसेज आला, तिकडच्या कंपनीचं नेटवर्क दिवसभर बंद होतं. शिवलीलानं ते वडिलांच्या कानात ओरडून सांगितलं.

"तिकडं बी बंद पडतंय व्हय?" बसलिंगाप्पा खूश झाले. "मग एवढ्या लांब जाऊन त्येनं मिळवलं काय म्हणतो मी!"

मल्लव्वाला हसू आलं, आणि मगच तिनं घास तोंडात घातला.

मग २००५ सालचा पाऊस आला. पंचगंगा पात्र सोडून शिवारात शिरली, रस्ते बंद झाले, लाईट गेली. सगळे माग थांबले आणि गावात इतकं शांत झालं की लहान पोरं घाबरून गेली. हंबीररावांच्या दुकानातला फोन मुका झाला. पाठोपाठ टॉवरही बंद पडला आणि माझ्या रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या. बॅटरी टिकावी म्हणून शिवलीला मला बंद करून ठेवायची, मधूनच चालू करून बघायची आणि पुन्हा बंद करायची.

त्या दिवसांत एका सकाळी बसलिंगाप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि छातीवर हात दाबला. शिवलीला पाण्यातून रिक्षा आणायला धावली. रिक्षा दारात आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून, विभूती लावून, भजन म्हणत पुरायला रुद्रभूमीत नेलं. महांतेशच्या वाटणीची माती चुलतभावानं लोटली. मी घरी फळीवर बंद पडून होतो. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला हाक मारायची म्हणून मला आणलेलं, आणि ज्या दिवशी हाक मारायची त्या दिवशी माझा दगड झाला होता. मला फार लाज वाटली.

पुढं रविवार आला. पाणी उतरत होतं, घरात सांत्वनाला बायका बसल्या होत्या. शिवलीलानं मला चालू केलं, आणि काय सांगू, काड्या परत आल्या होत्या! तिनं मला आईपुढं ठेवलं आणि ती आत पाणी आणायला वळली. तेवढ्यात मी वाजलो.

महांतेशच होता. पुराच्या बातम्या ऐकून बिचारा किती दिवस फोन लावत होता कोण जाणे.

मल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला उचललं. एक रिंग झाली. दोन झाल्या. तीन झाल्या. आणि तिच्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं.

बायका बघतच राहिल्या. शिवलीला तांब्या घेऊन दारात थिजली.

"अव्वा! काय केलंस ह्ये?"

मल्लव्वानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला उमगलं तसा तिचा चेहरा उतरला. त्या एका कटनं पोराला सांगितलं होतं, आम्ही बरी आहोत. तिघंही.

ती काही बोलायच्या आत मेसेज आला. शिवलीलानं तो वाचायला घेतला आणि तिला पुढं वाचवेना. कशीबशी म्हणाली, "आण्णा म्हणतोय, लई घाबरलो होतो, आता जिवात जीव आला. म्हणतोय... अप्पांच्या हातात दे. परत रिंग देतो."

आणि मी पुन्हा वाजू लागलो.

तीन रिंगा झाल्या. चौथी झाली. कुणीतरी बाई पुटपुटली, "र्‍हाऊ दे गं मल्लव्वा, लांब हाय ल्येकरू, नगं सांगूस." मल्लव्वाचा अंगठा लाल बटणावरच होता. नुसता दाबला असता तर अजून एक आठवडा तरी त्या पोराचा बाप जिवंत राहिला असता. मला मनातून वाटत होतं, दाब. आणि वाटत होतं, नको दाबूस.

तिनं हिरवं बटण शोधलं. ते तिला चटकन सापडलंसुद्धा नाही. मग मला कानाला लावलं.

उचलायचा नाही असं ज्यानं शिकवलं होतं, त्याला कळायला उचललेला फोन पुरेसा होता.

"अव्वा..." तिकडून आवाज आला. "अप्पा?"

"व्हय रं बाळा."

"मग मघाशी कट का केलंस?"

"हाताला सवय लागलीया रं," मल्लव्वा म्हणाली, आणि एवढे दिवस दाबून धरलेलं तिचं रडू फुटलं. त्या घरात माझ्यातून झालेलं पहिलं बोलणं ते हे.

महांतेशला यायला चार महिने लागले. आल्या दिवशी तो आईला घेऊन रुद्रभूमीत गेला, मला खिशात घेऊन. बसलिंगाप्पांच्या जागेवर माती बसून कडक झाली होती, कडेला गवत होतं. त्यानं हातानं थोडी जागा साफ केली आणि मला तिथं ठेवलं. मग थोडा मागं सरून आपल्या मोबाईलवरून माझा नंबर लावला.

मी थरथरलो. मातीवर माझा आवाज अगदी बारीक झाला. तीन रिंगा झाल्या तेव्हा महांतेशनं आईकडं पाहिलं. मल्लव्वा हात जोडून उभी होती, तिनं हात काही सोडले नाहीत. मी वाजत राहिलो. कुणी उचललं नाही, कुणी कट केलं नाही. आपोआप थांबेपर्यंत मला त्यांनी वाजू दिलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात नवे, चपटे मोबाईल आलेत, मल्लव्वा दर रविवारी पोराशी पोटभर बोलते. माझी बॅटरी फुगलीय. शिवलीला परवा म्हणत होती, दुकानात दाखवून बघू, चालू होईल कदाचित.

नको गं पोरी. राहू दे मला फळीवर. माझं वाजून झालंय.