निवू द्या, मग बुडवा

मी ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा. माझी कहाणी माझ्याच तोंडून ऐका, कारण माझ्या मालकाचं, कडूबाचं, ऐकाल तर मी जन्माचा नालायक. करमाडात तो चारचौघांत सांगतो, "माल बोगस हाय. दर पोळ्याला बंद पडतो."

मी बंद पडत नाही, मला बंद पाडतात.

कडूबानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला, पण पोळ्याची हौस सुटली नाही. बैलांसारखीच ट्रॅक्टर-ट्रॉलीला पाझर तलावात अंघोळ. तीही मिरवत, गाणी लावून, दिवे पेटवून. जळून जळून माझं अंग तापलेलं असतं आणि हा मला तसाच गार पाण्यात ढकलतो. एकदम गार झालो की आतली हवा आखडते, फटीतून पाणी ओढून घेते. बल्ब जातो, वायरीचे जोड हिरवे पडतात. मग कडूबा नवा बल्ब घालतो, जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळतो आणि वर मलाच शिव्या देतो. चिकटपट्टीनं पाणी अडत असतं तर फुटक्या घागरीलाही लोकांनी तीच लावली असती.

गेल्या पोळ्यानंतर खुरपणीच्या बाया घेऊन ट्रॉली जालना रोडनं परत येत होती. दिवस मावळलेला, मी विझलेला. मागून आलेल्या ट्रकनं अगदी टेकता टेकता ब्रेक मारला. ट्रॉलीत मागं कडूबाची आई आवडाबाई बसली होती. ट्रॉली थांबवायला लावून ती खाली उतरली. तिच्यामागं सगळ्या बाया उतरल्या.

"दिवा लागल्याबिगर या ट्रॉलीत एक बी बाई बसणार नाय."

"माय, दिवाच बोगस हाय."

"व्हय? पेटता दिवा पाण्यात घालतोस आन् त्यालाच बोगस म्हणतोस? तापला बैल घालत व्हतास का रे पाण्यात? आधी निवू देत व्हतास ना?"

बाया रस्त्याच्या कडेनं चालत घरी गेल्या. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी त्यानं जोडांना डाख लावून घेतला, वर तापवून आवळणारी नळी चढवली, पिनांना ग्रीस फासलं आणि माझ्या काचेखाली नवं रबर बसवलं. तेव्हा कुठं बाया ट्रॉलीत चढल्या.

आज परत पोळा. कडूबानं दिवे बंद केलेत, वायर सोडवलीय आणि मी निवेपर्यंत काठावर तंबाखू मळत बसलाय. बाकीचे हसतायत. हसू द्या.

तुमच्याही गाडीला असा दिवा असेल. त्याला बोगस म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण पाण्यात घालायच्या आधी जरा थांबा. नाही थांबलात, तर अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला पुढं बाया बसल्यात हे सांगायला ट्रॉलीमागं तुम्हीच उभे राहा.