आठांऐवजी दहा वाचाव्यात

बजाबाईच्या आईची पणती बघायची हौस राहूनच गेली. म्हातारी गेल्या साली वारली, आणि यंदा बजाबाईच्या लेकीला मुलगी झाली. आता पोर तीन महिन्यांची होती, आणि दोन महिन्यांनी लेक तिला घेऊन माढ्याला सासरी निघायची होती. पाळणा आणि गोधडी माहेरची, ही रीत. बजाबाईनं ट्रंकेत जपलेलं आईचं लुगडं काढलं. पोरीनं पणजीच्या लुगड्यावर निजावं, एवढीच तिची इच्छा होती.

नेहमीसारखी पट्ट्यापट्ट्यांची गोधडी शिवली असती तर काही बिघडलं नसतं. पण जोतीराम, तिचा नवरा, मध्ये पडला. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम असलेला हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, मात्र छापलेल्या अक्षरापुढं मान तुकवायचा. पुण्याच्या कुठल्याशा मासिकात कमळाच्या गोधडीचा नमुना आला होता. त्यानं तो अंकच आणला आणि चष्मा लावून वाचायला बसला.

"आठ पाकळ्या कापून गोलाकार जोडाव्यात. काप."

"आठच? पुरतील न्हवं?"

"अगं, छापलंय की!"

खरं सांगायचं तर बजाबाईलाही मोह पडला होता. विहीण सारजाबाई येणार, तिला पुण्याचा नमुना दाखवून दिपवावं, असं तिच्याही मनात होतं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि आईच्या लुगड्याला कात्री लावली. धड भागातून नेमक्या आठ पाकळ्या निघाल्या. विरलेला भाग अस्तराला गेला.

पाकळ्या जोडून झाल्या आणि कमळ काही केल्या सपाट पडेना. मधोमध उंचवटा आला, इरलं उपडं घातल्यासारखा. बजाबाईनं तो तळव्यानं दाबला, वर पाटा ठेवला. शेवटी जोतीराम स्वतः त्यावर मांडी घालून बसला आणि तिथंच जेवला. तो उठला, मागोमाग उंचवटाही उठला.

"तुजीच शिवण चुकली आसंल," तो म्हणाला. त्या दिवसापासून बजाबाईनं त्याच्याशी अबोला धरला. आईचं लुगडं हातचं गेलं म्हणून ती चुलीपुढं बसून खूप रडली.

पुढच्या महिन्यात मासिकाचा नवा अंक आला. जोतीरामानं तो वाचला आणि तो उगाच खाकरला.

"काय छापलंय?" लेकीनं विचारलं.

"दुरुस्ती हाय. मागल्या अंकात चुकून आठ छापलं. आठांऐवजी दहा वाचाव्यात."

"वाचाव्यात?" बजाबाईचा अबोला फुटला. "वाचून हुतंय व्हय? कापलं त्याचं काय? आता दोन पाकळ्या कुटनं आणू, पुण्यास्नं?"

ती घरभर फिरली. पटकुरांत एकही धड तुकडा निघेना. मग तिची नजर खुंटीवरच्या फेट्यावर गेली. लाल, बारीक सुताचा, पाठीवर लांब शेमला सोडायचा फेटा. त्यासाठी जोतीराम पावसात घराबाहेर पडत नसे.

"अगं, शेमल्याबिगर फेटा म्हंजे..." बायकोच्या हातात कात्री होती, आणि चूक कुणाची हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं स्वतःच शेमला धरला आणि डोळे मिटून घेतले.

दहा पाकळ्यांचं कमळ सपाट पडलं. कडेकडेनं टाके घालत बजाबाई मधोमध आली आणि शेवटचं तोंड शिवण्याआधी तिनं आत भाकरीचा तुकडा ठेवला. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तिची आई सांगायची. अंकात भाकरीचं नाव नव्हतं, पण जोतीरामानं अंक मिटून ठेवला.

माढ्याहून सारजाबाई आली. तिनं गोधडी उलटीपालटी करून पाहिली.

"त्या पुण्याच्या अंकातली न्हवं? माज्या जावंनं केली तशी, तर मदी ह्ये वारूळ! तुमची बरी सपाट पडली. आन ह्या दोन लाल पाकळ्या कंच्या अंकात छापल्या?"

जोतीरामानं बिनशेमल्याचा फेटा सावरला. "छापल्या न्हाईत. आमच्या हिनं बेतल्यात."

बजाबाईचा कानांवर विश्वास बसेना. तेवढ्यात सारजाबाईनं नातीला गोधडीवर निजवलं. पोरीनं हातपाय झाडले, सरकत सरकत लाल पाकळ्यांवर गेली आणि निवांत मुतली.

जोतीरामाच्या तोंडून "शेमला!" एवढंच निघालं.

"पणजीचा मान राखला बगा पोरीनं," बजाबाई म्हणाली.