एफ-सहा

रूपाच्या हाताला वेग होता, एवढं सगळेच मान्य करायचे. वाळूजच्या बजाजनगरात दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत बसून ती पुण्याच्या कंपनीसाठी चिपची ड्रॉइंगं करायची. कंपनीचं इथलं ऑफिस दोन वर्षांपूर्वी बंद झालं, बाकीचे पुण्याला गेले, हिला घरून काम करायची परवानगी मिळाली. तेव्हा आई सोबत होती. मग भावाला मुलगी झाली आणि आई त्याच्याकडे देवगाव रंगारीला गेली ती तिकडचीच झाली. सकाळी तिचा फोन यायचा, जयभीम, जेवलीस का, आणि मागं नात रडायला लागली की बंद.

आता चिपचं ड्रॉइंग म्हणजे काय, तर पडद्यावर हजारो रंगीत पट्ट्या. एकेक पट्टी म्हणजे एक तार. तिची रुंदी, तिचं नाव, सगळं तिच्या तिच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं. रुंदी बदलायची तर पट्टी निवडा, फॉर्म उघडा, आकडा टाका, ओके करा, की पुन्हा पुढची पट्टी. लई कंटाळवाणं काम. म्हणून सगळे ते रूपाच्या गळ्यात मारायचे. पुण्याच्या ऑफिसातल्या सुलेखाचा फोन यायचा, एवढ्या चाळीस तारा करून दे गं, आणि चाळीस तारा होईस्तोवर ती सासूबद्दल बोलत राहायची. तिथल्याच प्रणयचा आला तर तो सोसायटीतल्या पाण्याचं रडगाणं गायचा. रूपा हं हं करत बटणं दाबायची. दिवसभरात तिच्याशी माणसं बोलायची ती एवढीच.

तर त्यांचे साहेब, ऋतुराज, एक दिवस म्हणाले, रूपा, यासाठी एक स्क्रिप्ट लिही, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटासा प्रोग्रॅम. आणि या शहाणीनं लिहिली की! चार दिवस खपून लिहिली. हव्या तेवढ्या पट्ट्या निवडायच्या, एफ-सहाचं बटण दाबायचं, एकदाच आकडा टाकायचा, सगळ्यांची रुंदी एका झटक्यात बदलली. तिनं ती सगळ्यांसाठी ग्रुपवर टाकली, तशी टाळ्यांची चित्रं आली. रूपा ती चित्रं दिवसभर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आईचा सोडला तर फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिनं फोनचा आवाज बंद तर नाही ना, ते तपासलं. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण आपल्याच हातानं आपली माणसं घालवली. भाकरी टाकायचा कंटाळा यायला लागला. वाळूजच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की खालचा रस्ता भरून जायचा. ती खिडकीत उभी राहायची, पण त्यात ओळखीचं एक तोंड नसायचं. फार एकटं वाटायचं तिला, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी सुलेखाचा फोन आला. विजेची जाड तार अचानक बारीक कशी झाली, म्हणत होती. रूपाला लगेच कळलं. आधी कधीतरी निवडलेली ती तार निवडलेलीच राहिली होती, पडद्याच्या बाहेर, नजरेआड, आणि एफ-सहानं तिलाही बारीक केलं होतं. बदलण्याआधी किती तारा निवडल्यात हे दाखवून विचारणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली की झालं. दहा मिनिटांचं काम. रूपानं ती ओळ टाकली नाही. तिनं सुलेखाची तार दुरुस्त करून दिली, त्यात पाऊण तास गेला, तेवढ्यात सासूचं नवं प्रकरण ऐकून झालं. दोन दिवसांनी प्रणयचा फोन आला, तीच तक्रार. त्या दिवशी रूपानं मेथीची भाजी केली आणि दोन भाकरी खाल्ल्या. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण बरं वाटत होतं ते जास्त.

असे आठ दिवस गेले. मग शुक्रवारी साहेबांनी मीटिंग लावली. ड्रॉइंग सोमवारी कारखान्यात जाणार होतं आणि शेवटच्या तपासणीत सुलेखाच्या भागात एक बारीक झालेली तार सापडली. तशीच गेली असती तर चिपच वाया. साहेब चिडलेसुद्धा नाहीत. सुलेखाला या कामावरून काढतो, एवढंच शांतपणे म्हणाले. पडद्यावरच्या चौकोनात सुलेखा मान खाली घालून बसली होती.

रूपा गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"सर, चूक सुलेखाची नाय," ती म्हणाली. "माझ्या स्क्रिप्टची आहे. आणि मला ती आठ दिवसांपासून माहीत होती."

दहा मिनिटांत तिनं ती ओळ लिहून सगळ्यांना पाठवली. सुलेखाचं काम तिच्याकडंच राहिलं. साहेबांनी रूपाला जे ऐकवायचं ते ऐकवलं. संध्याकाळी सुलेखाचा फोन आला.

"माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू फोन केला नसतास."

"अगं, मग तू करायचा ना," सुलेखा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर ऑफिसातल्या कुणाचाच फोन आला नाही. स्क्रिप्ट आता बिनचूक चालत होती. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून रूपानं स्वतःच सुलेखाला फोन लावला. सहा-सात वेळा वाजला, मग उचलला.

"बोल, काय काम होतं?" सुलेखाचा आवाज अजून ताठच होता.

"काम नाय," रूपा म्हणाली. "जेवलीस का?"