झाकणाची पलीकडची कड

मेहुण्याने पातेल्याच्या झाकणाची अलीकडची कड धरली, तशी धुरंधराने त्याच्या हातावर चापट मारली.

"पलीकडून उचल, शहाण्या! तोंड भाजून घ्यायचंय?"

"भावोजी, बटाटे उकडतायत हो. बंब नाही बोलावलाय तुमचा."

धुरंधर हे नाव त्याला अग्निशमन दलात पडलं, कारण त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण धूर वाचता यायचा. निवृत्तीला वीस वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. झाकणाची सवय मात्र त्याच्या बायकोची. मेहुण्याची ही थोरली बहीण तीन वर्षांमागे गेली.

तो नोकरीत असताना गाद्यांच्या कारखान्याला आग लागली, त्या दुपारी तिथे कामाला असलेला मेहुणा आतच अडकला होता. ज्वाळा कुठेच दिसत नव्हत्या. खिडकीच्या काचा काळ्या पडून तेलकट झाल्या होत्या. दाराच्या फटीतून धूर भस्सकन बाहेर यायचा, की लगेच आत ओढला जायचा. इमारत धापा टाकत होती. जवानांनी कुऱ्हाडी उचलल्या.

"दाराला हात लावू नका!" धुरंधर ओरडला. "आधी छप्पर फोडा!"

धावत आलेल्या बायकोने त्याची बाही धरली. "माझा भाऊ आत आहे, आणि तुम्ही छपरावर काय चढताय?"

पण आतली आग हवेसाठी टपून बसली होती. दार उघडताच भडका उडाला असता आणि मेहुण्यासकट सगळेच गेले असते. हे समजवायला वेळ कुठला? त्याने बाही सोडवून घेतली.

पत्रा कापला तसा वरून काळा लोट सुटला, मागोमाग ज्वाळा. दाराशी धूर निवळला. मग पाण्याचा मारा करत ते आत रांगले. मागच्या मोरीचं दार लावून, तोंडावर ओलं फडकं धरून मेहुणा बसला होता.

भाऊ वाचला, पण ती नवऱ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने झाकणाची पलीकडची कड उचलली, वाफ भिंतीकडे गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हेच केलंत ना तुम्ही?"

"हेच."

"मग तेव्हाच म्हणायचं होतं, पातेलं आहे म्हणून! आठ दिवस उगाच तोंड शिवून बसले."

मेहुण्याने आता पलीकडची कड उचलली. वाफ भिंतीकडे गेली. बहिणीच्या वेळच्या वाफेने तिथल्या रंगाला कधीचे पोपडे आले होते. बाकी घर रंगवलं तेव्हाही धुरंधराने ती भिंत तेवढी रंगवून घेतली नव्हती.