कुंपणापलीकडचा माग

ऑर्लिनने गुडघ्यावर बसून काटेरी तारेत अडकलेले केस सोडवले. जाडसर, टोकाशी पांढरे. पोटाकडचे. तारेपलीकडे ओकच्या पानावर रक्ताचा एक थेंब सुकून काळा पडला होता. तिथून पुढचं सगळं रान सेल्मर ब्रेकचं होतं.

काल संध्याकाळी त्याने सोळा पावलांवरून बाण सोडला होता. स्वतः तासलेल्या लाकडी धनुष्यातून, गेली चाळीस वर्षं सोडत आला तसाच. बाण हरणीच्या आरपार गेला आणि ती पांढरी शेपटी खाली दाबून झाडीत शिरली. बाण उचलून नाकाशी नेला तेव्हा हिरवट, आंबूस वास आला. बाण आतड्यांतून गेला होता. अशा जनावराच्या लगेच मागे लागलं तर ते मरेपर्यंत पळत राहतं. म्हणून सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

आता परवानगी मागायला हवी होती, तीही सेल्मरकडे. आठ वर्षांपूर्वी सेल्मर बाण लागलेला एक नर हरीण रानातच सोडून घरी परतला होता. तेव्हा चर्चच्या तळघरातल्या जेवणात, वीस-पंचवीस माणसांदेखत, ऑर्लिन त्याला म्हणाला होता, "जखमी जनावर रानात टाकून येणाऱ्याने हातात धनुष्य धरू नये." सेल्मर ताट तसंच ठेवून उठून गेला. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता, आणि सेल्मरच्या हातात धनुष्यही कुणी पाहिलं नव्हतं.

दार सेल्मरच्या बायकोने, मार्लिसने उघडलं. तिने ऑर्लिनकडे पाहिलं, मग आत वळून म्हणाली,

"ऑर्लिन आलाय."

"कुठला ऑर्लिन?" आतून आवाज आला.

"असे किती आहेत गावात?"

सेल्मर पायमोज्यांवरच बाहेर आला. ऑर्लिनने टोपी काढून हातात धरली.

"काल एका हरणीला बाण मारला. माग तुझ्या रानात गेलाय."

"कुठे लागलाय?"

"मागे. पोटात."

सेल्मर त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षांपूर्वीचे ते शब्द आता परत येणार, या तयारीने ऑर्लिन टोपीची कड बोटांनी फिरवत उभा होता.

"किती वाजता?"

"सव्वापाच झाले असतील."

"थांब, बूट घालतो."

ऑक्टोबरचा शेवट होता. गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं आणि मेपलची पानं खाली पडून सगळी जमीन लाल झाली होती. दर दुसऱ्या पानावर रक्त असल्याचा भास होई. सेल्मर वाकून, पान उलटं करून, बोटाला थुंकी लावून डाग पुसून बघे. खरा थेंब सापडला की तिथल्या फांदीवर कागदाचा तुकडा खोवे. मग मागे वळून सगळे तुकडे एका नजरेत घेई आणि हरणी कुठल्या दिशेला वळते आहे ते ठरवी.

"हरणीने पाऊल पुढे टाकलं ऐन वेळी," ऑर्लिन म्हणाला.

सेल्मरने पुढचं पान उलटं केलं.

थोडं पुढे गेल्यावर ऑर्लिन पुन्हा म्हणाला, "पाऊलबिऊल काही नाही. घाई केली मी. अंधार पडत होता, खांदा दुखत होता. दोरी पुरती ओढलीच गेली नाही."

"हं," सेल्मर म्हणाला, आणि आणखी एक तुकडा खोवला.

टेकडीच्या उतारावर माग संपला. दोन तास दोघे गोल गोल फिरले. ऑर्लिनचे गुडघे भरून आले होते.

"थकलास?"

"नाही."

"खोटं बोलायला तुला अजून जमत नाही. बस त्या ओंडक्यावर."

"मी बसणार नाही."

"मग पडशील. मी तुला उचलून नेणार नाही, सांगून ठेवतो. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं. मी खाली दलदलीत बघतो."

ऑर्लिन बसला नाही. काठी टेकत तो त्याच्या मागोमाग उतरला.

ती पाण्यापासून दहा हातांवर उंच गवतात पडली होती. रात्री कोल्ह्यांना ती आधी सापडली होती. मागचे दोन्ही पाय खाल्लेले, पोट उघडं, बरगड्यांशी मांस काळंनिळं पडलेलं. घरी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोळे मात्र शाबूत होते.

ऑर्लिनने तिच्याजवळ बसून कोटाच्या खिशातून टॅग काढला. सरकारकडून हंगामाला एकच मिळतो. शिकारीवर बांधला की त्या शिकाऱ्याचा हंगाम संपला. चाकूच्या टोकाने त्याने टॅगवर छापलेल्या तारखेवर खाच पाडली आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

"अजून दोन महिने आहेत हंगामाला," सेल्मर म्हणाला. "खिशात ठेवलास तरी कोण विचारणार आहे?"

ऑर्लिन पुढच्या पायाभोवती दोरा गुंडाळत होता.

सेल्मर पाण्याकडे बघत म्हणाला, "मीही असाच बांधला होता. चौथ्या दिवशी."

ऑर्लिनचे हात थांबले.

"सापडला होता?"

"वास आला म्हणून सापडला. डोकं आणि पाठीचा कणा, एवढाच राहिला होता. शिंगाला बांधला टॅग."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं कुठे होतंस?"

दलदलीवरून बदकांचा थवा गेला. ऑर्लिनने पुन्हा गाठ मारायला घेतली, पण बोटं ऐकेनात. दोरा दोनदा सुटला. तिसऱ्यांदाही सुटला तेव्हा त्याने मान वर न करता म्हटलं,

"पाय धर जरा."

सेल्मर खाली बसला आणि दोन्ही हातांनी हरणीचा पाय स्थिर धरला.